भरावाची पहिली खेप

दयारामने गिअरचा दांडा हलवून गाडी न्यूट्रलला असल्याची खात्री केली, ती पुरेशी न वाटून पुन्हा केली, आणि मगच चावी फिरवली. शेजारी बसलेला बाळाजी खिडकीबाहेर तोंड करून हसला.

"काका, डंपर हाय ह्यो. पाळना न्हाय."

"म्हाईत हाय."

"मंग झोपवू नका. चला."

मुरुमाने शिगोशीग भरलेला डंपर खदाणीच्या चढावरून गुरगुरत वर आला आणि महामार्गाला लागला. दयारामचे दोन्ही हात चाकावर होते. बाळाजीचा एक हात, सहज ठेवल्यासारखा, हँडब्रेकजवळ होता. त्या हाताकडे न पाहण्याचा दयाराम कसोशीने प्रयत्न करीत होता.

हितेशने आदल्या दिवशी काहीच आडपडदा ठेवला नव्हता. त्याच्या बापाने आणि दयारामने एकाच आगरावर मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यामुळे गाड्यांचा शेठ झाल्यावरही तो दयारामला काका म्हणत असे, आणि काका म्हणत असला तरी शेठच होता.

"दयाकाका, अनुभव न्हाय नि वय हाय," तो म्हणाला होता. "उलटं असतं तर विचारलंच नसतं. उद्या बाळाजीसंगती भरावाच्या खेपा मारा. तो व्हय बोलला तर गाडी तुमची."

गाडीची ही ओढ केवळ पोटाची होती, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. अपुरे मात्र निश्चित ठरेल. उभे तारुण्य दयारामने फळीवरून चढून ट्रकच्या हौद्यात मीठ रिते केले होते. तेवढा वेळ ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर घेऊन बसलेला असे. मग तो बिडी विझवी, दार ओढून घेई, आणि नाशिक, संगमनेर, अशी नावे मागे ठेवून निघून जाई. दयारामने भरलेले मीठ जिथे जिथे गेले, तिथे दयाराम कधी गेला नव्हता. आगर बंद पडल्यावर तो काशीदला एका रिसॉर्टच्या फाटकावर राहिला आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून देऊ लागला. पन्नाशी उलटल्यावर त्याने जड वाहनाचे लायसन काढले. थळहून खताच्या गोण्या नेणाऱ्या मेहुण्याच्या शेजारी बसून, परतीच्या रिकाम्या वाटेवर जे चाक हाती येई, तेवढाच त्याचा अनुभव.

वडखळ मागे पडले. बाळाजीने डावीकडे बोट दाखवले आणि डंपर डांबर सोडून खाडीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागला.

भराव कुठे टाकायचा आहे, हे दयारामने विचारले नव्हते. काम मागणाऱ्याने जागा विचारू नये, असा त्याचा समज होता. न विचारण्याला आणखीही एक कारण असू शकेल. पण ते त्याने स्वतःलाही सांगितलेले नव्हते. वाट दुसऱ्यांदा वळली, तिवरांच्या मागे उघाडीचे मोडके दार दिसले, आणि त्याचा पाय पेडलवरून आपोआप उचलला गेला. याच दारातून भरतीचे पाणी त्याच्या जुन्या आगरात घेत. दिवाळी होऊन गेली होती. उघाडी चालू असती, तर हेच पाणी सोडायचे दिवस होते.

"इथं गोडाऊन व्हनार," बाळाजी म्हणाला. "त्या कडेपासून सुरवात. बॅक घ्या."

दयाराम बांधावर डंपर मागे घेऊ लागला. बांधाचा प्रत्येक बाक त्याला ठाऊक होता. आरशात न पाहताही त्याने चाक योग्य जागी वळवले. बाळाजीचा हात हँडब्रेकवरून निघून मांडीवर आला. आणि नेमक्या त्याच क्षणी डंपर थांबला.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"मंग घ्या ना अजून. निस्ता मुरूम बांधावर टाकताव का?"

डंपर हलला नाही.

"घाबरलाव," बाळाजी म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती, आणि म्हणूनच ते अधिक लागले. "रस्त्यावर सगलेच चालवतात, काका. मानूस कळतो तो बॅक घेताना. शेठला मी खोटं न्हाय सांगनार."

"कड कच्ची हाय का बगतो," दयाराम म्हणाला आणि खाली उतरला.

आगर त्याच्या मालकीचे कधीच नव्हते. ज्याच्या मालकीचे होते त्याने ते विकले, आणि त्यात कायद्याने वा न्यायाने बोट ठेवण्याजोगे काही नव्हते. पण मीठ पिकवायचा कडेचा हा वाफा, ज्यात आता मुरूम पडणार होता, तो कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळण्यासारखे नव्हते. दर साली पाणी सोडण्यापूर्वी दयाराम आणि सगुणा हातात हात घालून त्याचा चिखल तुडवीत. टाच उमटेनाशी होईपर्यंत, तळ काचेसारखा घट्ट होईपर्यंत. तळ मऊ राहिला की मिठात माती येते. लग्नानंतरचे त्यांचे पहिले बोलणे याच वाफ्यात झाले होते, कारण घरात माणसे फार होती.

तो बांधाच्या टोकाशी गेला, वाफ्यात उतरला आणि थोडे चालला. वर सालीसारखा सुकला गाळ होता. त्याच्या खाली, इतकी वर्षे कोणी न तुडवताही, तळ अजून घट्ट होता.

परत येऊन तो केबिनमध्ये चढला.

"कड पक्की हाय," तो म्हणाला.

त्याने डंपर एका दमात मागे घेतला, जिथे हवा तिथे उभा केला आणि हौदा उचलला. मुरूम घसरू लागला तेव्हा केबिन थरथरली. दयाराम समोर पाहत राहिला; आरसा त्याच्या बाजूला होता, पण त्याने त्यात पाहिले नाही.

"च्यायला," बाळाजी म्हणाला. "मंग मघाशी काय झालतं?"

दिवसभर खेपा झाल्या. दुपारनंतर बाळाजी शेजारी बसेनासा झाला. बांधावर उभा राहून नुसताच हात करू लागला. संध्याकाळी हितेशचा फोन आला. "बाळाजी व्हय बोलला, काका. उद्यापासून गाडी तुमची."

दयाराम घरी पोचला तेव्हा सगुणा अंगणात बोंबील वळणीवरून काढत होती.

"जालं?" तिने विचारले.

"जालं. गाडी दिली."

तिचा चेहरा उजळला. पदराला हात पुसत ती उठली. "मी बोलले नव्हते? आता नाशिक बगाल, सगलं बगाल. मलाबी न्या एकदा, पुढं बसवून."

"पयला जवलचं काम हाय."

"कुटं?"

"वडखळच्या फुडं. भराव हाय कसला तरी."

"असू दे. रोज घरी तरी येशाल." ती हसली, आणि हसता हसता तिची नजर खाली गेली. "चपला कुटं हायेत?"

दयारामने आपल्या पायांकडे पाहिले. दिवसभरात पहिल्यांदाच. घोट्यांभोवती खाऱ्या मातीची पांढरी कड बसली होती.

"गाडीत ऱ्हायल्या असतील," तो म्हणाला.

सगुणाची नजर त्या पायांवरच राहिली. वाफ्यात चपलेने उतरत नाहीत. चपला बांधाच्या टोकावर काढायच्या, बाईच्या उजवीकडे, पुरुषाच्या डावीकडे, हे तिने सासूकडून शिकण्याआधीच आईकडून शिकले होते. ती घरात गेली आणि गोड्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. आगराचे दिवस असत तेव्हा ती असाच तांब्या आणी. खारे पाय उंबऱ्याच्या आत घेऊ नयेत म्हणून. त्यानंतर कधी आणला नव्हता.

ती वाकली आणि त्याच्या पायांवर पाणी ओतू लागली. दयाराम एका पायाने दुसरा पाय चोळीत उभा राहिला.

"आपला वाफा?" वर न पाहता तिने विचारले. "का पलीकडचा?"

दयारामने दुसरा पाय धारेखाली धरला.

"पलीकडचा उद्या," तो म्हणाला.

तिने मान हलवली. तांब्या रिकामा झाला होता, पण ती तो तसाच तिरका धरून राहिली. थेंब पडायचा थांबला, तरीही.