बाबांसाठी चिमूटभर

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिची अर्धी हयात गेली होती आणि तिथे सगळे तिला अळणीबाई म्हणत. बिनमिठाची ताटं तिच्याकडे असत. एखाद्या पातेल्यात चुकून मीठ पडलं तर ती अख्खं पातेलं ओतून द्यायची, आणि ज्याने टाकलं त्याची मग धडगत नसायची. नवऱ्याला रक्तदाब निघाला तेव्हा तिने घरातलं मीठही आपल्या ताब्यात घेतलं. तेव्हापासून त्या दोघांचा एक खेळच होऊन बसला. तो मीठ चोरायचा, ती पकडायची. एकदा त्याच्या टॉर्चच्या पोटात सेलऐवजी मीठ सापडलं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जन्म अंधाऱ्या खोबणीत, ग्रीस लागलेल्या दोरांच्या संगतीत गेला. निवृत्त झाल्यावर त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. डोंगरांच्या माथ्यावरून जाणारी एक लांबच लांब पायवाट होती, पुरी करायला महिनेच्या महिने लागत, ती त्याला चालायची होती. मुलीने बिनपगारी रजा टाकली आणि बापाबरोबर निघाली. आईचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून तिने घरची बाजू उचलली. सुट्टीच्या दिवशी जेवण शिजवायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं, पाकिटं भरायची आणि वाटेवरच्या पुढच्या गावच्या पोस्टात खोका आधीच पोचता करायचा. तिकडे त्यात गरम पाणी ओतलं की झालं जेवण. लाल दोऱ्याची पाकिटं मुलीची, पांढऱ्या दोऱ्याची अळणी, बाबांची.

"डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव," निघताना तिने मुलीला बजावलं होतं. "तुझ्या पाकिटाला हात लावू देऊ नकोस. गोड बोलून गंडवतील."

मुलगी आईच्याच वळणावर गेलेली. तिने खरोखरच लक्ष ठेवलं.

वाट वर चढत गेली तसा उन्हाळाही चढला. गाव लागलं की फोन यायचा. एकदा तो म्हणाला, "अगं, ऐकतेस का? पुढच्या खोक्यात थोडं मीठ घाल. वाटेत एक नर्सबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, एवढा घाम जातोय तर मीठ हवं."

"नर्सबाई भेटल्या म्हणे. मागे लिफ्टमध्ये हृदयाचे डॉक्टर भेटले होते, खारे दाणे खा म्हणाले होते, तेच ना?"

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"तुम्ही आपलं पाणी भरपूर प्या," ती हसत म्हणाली. "मिठाचं नाव काढू नका."

एरवी तो यावर काहीतरी फटकळ बोलला असता. या वेळी नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

ते "बरं" तिच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी खोका भरताना तिने मिठाची एक पुडी केली, वर 'बाबांसाठी, चिमूटभरच' असं लिहिलं आणि पांढऱ्या दोऱ्याच्या पाकिटांत ठेवली. फोनवर मात्र सांगितलं नाही. एकदा ढील दिली की माणूस डोक्यावर बसतो हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर खोका उघडल्यावरचा त्याचा चेहरा मनात आणून तिला गंमत वाटत होती. खोका पोस्टात टाकून ती कामावर गेली.

त्या गावापर्यंत नवरा पोचलाच नाही. मुलीचा फोन आला तो डोंगराच्या पायथ्याच्या एका छोट्या इस्पितळातून. सकाळपासून बाबांचं डोकं दुखत होतं, पाय अडखळत होते. पाणी पीत होते, पुन्हा पीत होते. दुपारी ते तिलाच "अगं, ऐकतेस का" म्हणून हाक मारू लागले, आणि मग झटके आले. रक्तातलं मीठ फार उतरलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. आई बॅग भरून निघाली, पण वाटेतच दुसरा फोन आला.

सगळं उरकून मायलेकी घरी आल्या. मुलगी खुर्चीत बसून राहायची. बापाचे बूट तिने दाराशी ठेवले होते, आणि कोणी ते हलवले की उठून पुन्हा तिथेच आणून ठेवायची. आईला वाटलं, रडली तर मोकळी होईल. पण एका सकाळी ती आपणहून बोलली.

"माझ्याकडे दोनदा मागितलं त्यांनी. तुझ्यातलं दोन घास दे म्हणाले. मी पाकीट पाठीमागे लपवलं."

"मीच सांगितलं होतं तुला."

"ते मला माहीत आहे." मुलीने तिच्याकडे बघितलं. "मी एवढंच विचारतेय. तू असतीस तर दिलं असतंस का?"

अळणीबाई दूध तापवायच्या निमित्ताने उठली आणि गॅसपाशी उभी राहिली. उत्तर तर तिने कधीच लिहून, बांधून पोस्टात टाकलं होतं. न्यायला कोणी आलं नाही म्हणून ते आता परतीच्या वाटेवर असणार. त्यानंतर टपालवाल्याची चाहूल लागली की तिचे दुखरे गुडघे मुलीच्या आधी दाराशी पोचू लागले.

खोका आला तेव्हा मुलगी आंघोळीला गेली होती. एक कोपरा चेपलेला, वर नवऱ्याचं नाव तिच्याच अक्षरात. तिने सुरी घेऊन तो ओट्यावरच उघडला. पुडी जशीच्या तशी होती. तिने ती ॲप्रनच्या खिशात घातली. फोनवर आपण हसलो होतो, हे तिला आठवत होतं. नुसतं सांगितलं असतं, पुडी पाठवतेय, तोवर पोरीच्या पाकिटातलं खा, एवढंच सांगितलं असतं, तर माणूस घरी आला असता.

मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली. खोका बघून थांबली.

"काय आहे त्यात?"

"नेहमीचंच."

मुलगी एकेक पाकीट उचलून बघू लागली. लाल दोरा, पांढरा दोरा. आईने खिशावर हात ठेवला.

"त्या दिवशी विचारलंस ना," ती म्हणाली. "नसतं दिलं. मी तिथे असते तरी नसतं दिलं. त्यांनी मला नर्सबाईंचंही सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही. तू माझं ऐकलंस, बाळा. तुझं काही चुकलं नाही."

मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. आईने जवळ घ्यायला हात पुढे केला तेव्हा मात्र ती बाजूला सरली.

"मला वाटलंच होतं," मुलगी म्हणाली. तिच्या नजरेत आता दुःखाबरोबर रागही होता, आणि तो स्वतःवर नव्हता, आईवर होता. आईने हात मागे घेतला. हेच व्हायला हवं होतं, असं तिने स्वतःला सांगितलं, तरी आतून तुटलंच.

अन्न फुकट घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. दुपारी तिने पांढऱ्या दोऱ्याचं एक पाकीट शिजवलं. मुलगी जेवायला बसली, बरणी ओढून तिने आपल्या ताटात मीठ घेतलं, मग काय वाटलं कोण जाणे, बरणी आईकडे सरकवली.

"नको," आई म्हणाली. "मला असंच चालतं."