परतीचा फेटा

आमच्या संस्थेतलं आर्गॉन वेल्डिंगचं मशीन दर खंडेनवमीला हळदकुंकू लावून घ्यायचं आणि उरलेलं वर्ष चादरीखाली झोपून काढायचं. जर्मनीतल्या कुणा संस्थेनं ते आम्हाला भेट दिलं होतं. ॲल्युमिनियम जोडायला असलंच मशीन लागतं, साध्या वेल्डिंगला ते दाद देत नाही. मशीन आलं, त्याचं जाडजूड पुस्तक जर्मन भाषेत आलं, पण ते चालवायला शिकवणारा माणूस काही आला नाही. मी तिथं मुलांना वेल्डिंग शिकवायची. मुलं विचारायची, "मॅडम, ह्ये कवा सुरू करायचं?" मी म्हणायची, "दसऱ्याला."

एकदा मीच हिय्या करून ते लावलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. आमचे अध्यक्ष आकाराम आण्णा धावत आले आणि त्यांनी मशीनच्या खोलीला कुलूप घातलं. "शिकून आलेल्या माणसाशिवाय ह्याला कुणी हात लावायचा न्हाई," म्हणाले. शिकायला जायचं कुठं, ते मात्र बोलले नाहीत.

घरी वेगळाच छळ होता. कसबा बावड्यात आमच्या चार म्हशी. सासूबाईंची, म्हणजे बनाबाईंची, मी त्यांना आत्या म्हणते, दुधाची एक मोठी ॲल्युमिनियमची किटली होती. त्यांच्या लग्नात माहेरची म्हैस आली तिच्याबरोबर ती आलेली. म्हैस गेली, किटली राहिली आणि तळाला फुटली. गावातल्या प्रत्येक वेल्डरनं हात टेकले. आत्या ती रोज घासायच्या, पालथी घालायच्या आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, "दुनियेला जोडायला शिकिवतीस, आन घरची किटली गळतीया." मला संताप यायचा, कारण बोलणं खरं होतं.

म्हणून २००४ साली जेव्हा त्याच जर्मन संस्थेचं पत्र आलं, की धंदेशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना तिकडं बोलावून शिकवणार, जाणं-येणं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडं, तेव्हा मी अर्ज केला. निवडही झाली. फेब्रुवारीच्या शेवटी निघायचं, मे उजाडताना परतायचं. मी आनंदानं वेडी झाले होते. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण कोल्हापुरात माणूस सत्काराशिवाय हलत नाही. आकाराम आण्णांनी लगेच बैठक घेतली. "जाण्याचा सत्कार आन येण्याचा सत्कार, दोन्ही जंगी करायचं," ते म्हणाले. अडचण एवढीच होती, की निवडणूक तोंडावर आली होती. मी परतेन तेव्हा आचारसंहिता लागलेली असणार, आणि साहेब स्टेजवर यायचे नाहीत. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्याशिवाय आण्णांनी आजवर साधी घंटासुद्धा बदलली नव्हती.

"मग आसं करू," आण्णा म्हणाले, "दोन्ही सत्कार एकाच दिवशी उरकू. मांडव हाय, साहेब हाईत, आचारी हाय."

मी म्हटलं, "आण्णा, मी अजून गेलेली नाही."

"तुम्ही जाणारच की! आन गेल्यावर येणारच की! का तिकडंच ऱ्हाणार हाईसा?"

राहणार नाही म्हटलं तर परतीचा सत्कार घ्यायलाच हवा.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेबांनी मला जाण्याचा फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, सातासमुद्रापार झेंडा लावा म्हणाले. मग निवेदकानं जाहीर केलं, की आता ताई जर्मनीला जातील आणि परत येतील. डाव्या बाजूच्या पायऱ्यांनी मी खाली उतरले, मांडवाच्या मागून निघाले. तिथं आचारी जिलेबी तळत होता.

"मॅडम, हिकडं कुठं?"

"जर्मनीला."

"आन कवा येणार?"

"हे काय, पलीकडनं चढले की आलेच."

"मग पाक होईस्तवर या," तो म्हणाला.

उजव्या पायऱ्यांनी वर चढले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसरा फेटा, दुसरी शाल, दुसरा नारळ. साहेबांचा आवाज भरून आला होता. "परदेश बघून आल्या, कोल्हापूरचं नाव गाजवलं, पण आमच्या भगिनीत काडीचा फरक पडला नाही!" म्हणाले. फरक कुठून पडणार? मी मांडवाला वळसा घालून आले होते.

जाण्याच्या फोटोत माझे डोळे मिटले होते. म्हणून पेपरात परतीचा फोटो छापून आला. खाली ओळ होती, जर्मनीहून यशस्वी प्रशिक्षण घेऊन परतलेल्या संयोगिता मॅडम.

तिथून माझे हाल सुरू झाले. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली म्हणाली, "उजळलाय की वो! तिकडचं पाणी मानवलं." मी म्हटलं, मी गेलेच नाही. ती शेजारणीला म्हणाली, "बघ, गर्व कसला तो न्हाई." महिला मंडळानं परदेशातल्या अनुभवांवर भाषणाला बोलावलं. नाही म्हटलं तर म्हणाल्या, मोठी झाली, आता आपल्यात कशाला बसेल? माझे यजमान जोतीराम तसे शहाणे माणूस आहेत. पण रोज दूध घालायला गेल्यावर शंभर जणांनी विचारलं की माणूस तरी काय करेल? एके दिवशी जेवताना त्यांनी मलाच विचारलं, "तिकडं थंडी लई आसती का गं?" मी ताटावरून उठले.

फक्त आत्या काही विचारत नव्हत्या. त्या किटली घासत होत्या.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आमची संस्था सरकारी अनुदानावरची, म्हणून जाण्याआधी खात्याच्या कार्यालयातून कार्यमुक्तीचा आदेश लागत होता. तिथले अधिकारी सिद्धलिंग, सीमेकडचे, बोलायला मऊ. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही परत आलाय की."

"मी कुठंही गेलेली नाही, साहेब."

"संस्थेनं कार्यक्रमाचा अहवाल पाठवलाय. पेपरचं कात्रण लावलंय. तुम्ही रुजू झाल्याची नोंद मीच केलीया. आता पुन्हा सोडायचं म्हंजे दुसरी फेरी झाली. दुसऱ्या फेरीला मंजुरी न्हाई."

मी पासपोर्ट काढून समोर ठेवला. कोरा करकरीत. त्यांनी पानं उलटली, कौतुकानं मान हलवली आणि परत दिला. "ह्ये केंद्राचं झालं. आम्ही राज्याचं बघतो."

"मग मी आता करू काय?"

"एनु माडोदु," ते कानडीत स्वतःशीच म्हणाले, म्हणजे काय करायचं आता. मग त्यांचा चेहरा उजळला. "संस्थेनं परतीचा सत्कार मागं घेतला आन तसं कळवलं, तर तुम्ही परत आला नव्हता असं धरता येईल. जाण्याचा सत्कार ठेवा, त्याला आमची हरकत न्हाई."

आण्णांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. "आमच्या संस्थेत सत्कार मागं घेत न्हाईत! माणूस मेला तर मरणोत्तर करतो, पण करतो!"

त्या दिवशी मी घरी येऊन गोठ्यात बसून रडले. विमानाचं तिकीट आलं होतं. तिकडं माझ्या नावाचं मशीन, माझ्या नावाचे हातमोजे वाट बघत होते, आणि इकडं मी परत येऊन बसले होते. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत राहिली.

रडून झाल्यावर राग आला, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. दुसऱ्या दिवशी मी आण्णांपुढं उभी राहिले. "मी शिकून आलेय ना? मग खोलीचं कुलूप काढा. साहेबांना बोलवा. त्यांच्यादेखत मशीन चालवते. भोक पडलं तर सांगते, की ज्यांनी परतीचा फेटा बांधला त्यांनाच विचारा."

आण्णा म्हणाले, "मांडववाल्याला सांगतो."

सत्कार माघारीचा कार्यक्रम कोल्हापुरात आधी कुणी बघितला नव्हता, त्यामुळं पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी लोटली. साहेबांनी परतीचा फेटा माझ्या डोक्यावरून उतरवला, शाल काढून घेतली. नारळाची पंचाईत झाली. आत्यांनी त्याच्या वड्या केल्या होत्या, तेव्हा वड्यांचा डबा परत केला. साहेबांनी एक वडी खाऊन बघितली आणि भाषण केलं. "मागल्या खेपेला मी म्हणालो होतो, की ताईंनी कोल्हापूरचं नाव गाजवलं. ते मी जाहीरपणे मागे घेतो!" लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग मी उजव्या पायऱ्यांनी पाठमोरी उतरले आणि मांडवाच्या मागून उलटी चालत निघाले. आचारी तोच होता. "आता कुठनं?" म्हणाला. "जर्मनीतनं मागं," मी म्हटलं. डाव्या पायऱ्यांनी उलटी वर चढले तेव्हा निवेदकानं मला जाण्याचा फेटा पुन्हा घातला, कारण तो अजून लागू होता. सिद्धलिंग पहिल्या रांगेत बसून हे सगळं लिहून घेत होते. दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला.

मी गेले. तिकडची फार वर्णनं करत नाही. पहिल्या दिवशी मी तिथंही पत्र्याला भोक पाडलं. शिकवणारा माणूस हसला नाही, दुसरा पत्रा दिला. असे पत्रे तो मला देत राहिला आणि एके दिवशी भोक पडायचं थांबलं. त्या दिवशी मी त्याच्यासमोर मराठीत ओरडले.

मे महिन्यात कोल्हापूरच्या स्टेशनवर उतरले तर न्यायला फक्त जोतीराम. रिक्षावाला हळहळला, "रद्द झालं म्हणं तुमचं. पेपरात आलतं." वर्गातली पोरं बिचारी माझ्यासमोर जर्मनीचं नाव काढत नव्हती. मी संस्थेत जाऊन खोलीची किल्ली मागितली.

"कशी देऊ?" आण्णा खरोखर दुःखी झाले होते. "शिकून परत आलेल्या माणसालाच द्यायची हाय. आन तुमचं परत येणं आपण मागं घेतलंय. नवा सत्कार करावा तर आचारसंहिता. निकाल लागूस्तवर तुम्ही जर्मनीतच हाईसा."

वेल्डिंगच्या बाईला कुलूप किल्लीनंच उघडावं लागतं असं थोडंच आहे? मी गॅस कटर घेतला आणि कडी कापली. पोरं गोळा झाली. मी चादर ओढून काढली, जोतीरामना घरी पिटाळून किटली मागवली, तळ घासून लख्ख केला आणि मशीन सुरू केलं. आण्णा दारात उभे राहून डोळ्यांपुढं हात धरून बघत होते.

किटली निवल्यावर घरी आणली. आत्यांनी ती उलटसुलट करून बघितली, तळावरच्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग चुलीतली राख अंगणात पसरली, किटली पाण्यानं काठोकाठ भरून राखेवर ठेवली आणि शेजारी बसून राहिल्या. मीही बसले. कितीतरी वेळानं त्यांनी किटली उचलली. खालची राख कोरडी होती.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच, खणखणीत.

"म्हंजे खरंच गेलतीस गं."

"व्हय आत्या," मी म्हटलं. "आन परतबी आले."