अमपारोची शाल

गंधारला मुलगी झाली ते २०१४ साल. सातासमुद्रापार पामर्स्टन नॉर्थला तेव्हा हाडं गोठवणारी थंडी होती. नवरा गेल्यावर त्याची आई आनंदी साताऱ्याचं घर बंद करून नुकतीच त्याच्याकडे कायमची राहायला आली होती.

बाळाची पहिली गोधडी म्हाताऱ्या बायकांच्या वापरलेल्या कापडांची करायची, म्हणजे त्यांचं आयुष्य बाळाला लागतं, असं आनंदीच्या माहेरी मानत. तिनं ओळखीच्या मराठी घरांतून कुणाच्या आईचं, कुणाच्या सासूचं लुगडं मागून आणलं. शेजारच्या पिलारला मात्र कुणी काही बोललं नव्हतं. नव्वदीकडे झुकलेली ती बाई मूळची बार्सिलोनाची. आगबोटीवरच्या नवऱ्यामागे इकडे आली आणि इथलीच झाली.

एका सकाळी दाराच्या मुठीला पिलारची पिशवी लटकलेली दिसली. वर बाळासाठी विणलेली टोपी आणि खाली काळ्या रेशमाची जुनी शाल. तिच्यावर लाल फुलांचं भरतकाम होतं, झालर तुटून लोंबत होती. न सांगता हिला कसं कळलं, म्हणून आनंदीला भरूनच आलं. तिनं शाल टेबलावर पसरली आणि कात्री लावली.

दुपारी पिलार काठी टेकत आली. टेबलावर तुकडे पडलेले. ती दारातच थांबली. मग आनंदीच्या सुनेला, इराला, इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

“आई,” इरा म्हणाली, “त्यांना फक्त झालर गाठून हवी होती. तुम्ही शिवता ना सगळ्यांचं, बघितल्यावर कळेल म्हणाल्या.”

आनंदीनं हातातली कात्री टाकली. “अगं देवा! मी मेलीनं आधी विचारायचं तरी!”

पिलार खुर्चीत बसली. एक तुकडा मांडीवर घेऊन ती त्यावरचं फूल बोटानं चाचपत राहिली. मेल्यावर अंगावर हीच शाल घालून पुरा, असं तिनं लेकाला बजावून ठेवलं होतं. शाल तिच्या आईची, अमपारोची.

“काय करायची तुझी आई?” आनंदीनं डोळे पुसत विचारलं. इरा मधे बसून एकीचं दुसरीला सांगत होती.

“थिएटरात गायची. मध्येच डोळा मारायची, कंबर हलवायची.”

“म्हणजे तमाशातली?”

“आई!” इरा ओरडली. पण तमाशा म्हणजे काय हे कळल्यावर पिलार हसत सुटली. “तेच! अगदी तेच!”

मग ती सांगत गेली. अमपारो मासे विकणाऱ्याची पोर. गाण्यासाठी घरातून पळाली आणि बार्सिलोनाच्या थिएटरात उभी राहिली. तिच्या गाण्यात वरवर बागेतल्या संत्र्या-लिंबांची गोष्ट असायची, आणि समोरचे पुरुष बाकं बडवायचे. रविवारी चर्चमध्ये पाद्री तिच्या नावानं खडे फोडायचा. सोमवारी त्याचाच भाऊ पहिल्या रांगेत असायचा. पिलार झाली तेव्हा बाप कोण हे अमपारोनं कुणालाच सांगितलं नाही. पोरीला ती सोबत न्यायची, कपड्यांच्या पेटीत निजवायची, वर हीच शाल. पुकारा झाला की पोरीच्या अंगावरून शाल काढून खांद्यावर टाकायची आणि रंगमंचावर जायची.

“मी रोज त्याच वेळी रडायचे,” पिलार म्हणाली. “गाणं संपेपर्यंत थंडी वाजायची.”

पुढे युद्ध आलं, थिएटरं बंद पडली. अमपारो एका खानावळीत भांडी घासू लागली. तिथे तिला कुणी ओळखलं नाही, आणि तिनं ओळख दिलीही नाही.

“मी जोडून देते,” आनंदी म्हणाली. “दिसणार नाही असा टाका घालते. तुझी तुला.”

पाळण्यात बाळ कुरकुरलं. पिलारनं तिकडे बघितलं.

“नको. गोधडीच कर. हिच्या अंगावरून ती कुणी ओढून घेणार नाही.”

“आणि तुला काय घालायचं गं?”

“ते तू बघ. कापलीस तू!”

त्या थंडीभर पिलार रोज दुपारी यायची. आनंदी धावदोरा घालायची, पिलार शेजारी बसून आईची गाणी म्हणायची. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कुठे डोळा मारायचा ते आनंदीला कळू लागलं. बारशाला बायकांचे पाळणे म्हणून झाल्यावर पिलार काठी सोडून उठली आणि टेबलाला धरून संत्र्या-लिंबांचं गाणं म्हणाली, कमरेसकट. मुलीचं नाव जुई ठेवलं.

चार वर्षांनी पिलार अंथरुणाला खिळली. शेवटी आनंदीनं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, त्याची चौघडी शिवली आणि तिच्या लेकाच्या हातात दिली. आईनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

अमपारोची मुलगी पिलार २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये पामर्स्टन नॉर्थला वारली. आनंदीच्या लुगड्यात गुंडाळून तिला तिथेच पुरलं.