लव्हॉन, सांगू का?

मित्रांनो, खुर्चीला भीती वाटते असे म्हटले तर तुम्ही हसाल. हसा. पण मला वाटते. मी ओकच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. अमेरिकेच्या मधल्या भागात, जिथे नजर जाईल तिथे मकाच मका दिसतो, अशा एका राज्याच्या विधानसभेत मी राहते. माझ्या अंगावर पितळी खिळे आहेत, पाठीला चामडे आहे आणि माझा डावा हात झिजून गुळगुळीत झाला आहे.

माझा जन्म तुरुंगात झाला. आमच्याकडे तुरुंगात सुतारकामाचा कारखाना असतो, आणि सरकारी मेजे-खुर्च्या तिथेच तयार होतात. मला घडवणाऱ्याचे नाव मला कळले नाही. पॉलिश वाळल्यावर तो माझ्यावर बसला, मागे कलला आणि म्हणाला, "जमलीस बुवा. जा आता. माझ्या आधी तूच सुटलीस."

आमच्या सभागृहात प्रत्येक आमदाराच्या मेजाला दोन खुर्च्या असतात. एक आमदाराची, दुसरी त्याच्या कारकुनाची. आणि कारकून म्हणून पुष्कळ जण आपल्या बायकोला किंवा नवऱ्यालाच आणतात. मी ती दुसरी खुर्ची. माझा आमदार व्हर्नन क्रुपिच्का, गुरे पाळणारा आणि मका लावणारा शेतकरी. माझ्यावर बसायची त्याची बायको, लव्हॉन.

लव्हॉन अंगाने भरलेली होती, पण बसायची अलगद. टपाल फोडायची, फोन घ्यायची, मधल्या वेळात विणायची. सोमवारी घरून खसखशीचे कोलाचे आणायची. त्या गोड पावांच्या वासाने पलीकडच्या बाकावरचे विरोधकही येऊन उभे राहायचे. सगळ्यांत आधी यायची ती मार्वा टिलमन. ती शहरातली, पूर्वी परिचारिका असलेली, आणि व्हर्नच्या प्रत्येक विधेयकाला न चुकता विरोध करणारी.

"व्हर्न," ती तोंडात घास ठेवूनच म्हणायची, "लोकांना निवडून द्यायची होती लव्हॉन. छापखान्यानं चुकून तुझं नाव घातलं."

"हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे," व्हर्न म्हणायचा.

व्हर्नला सभेत बोलायची फार भीती. उभा राहिला की त्याचा हात आधार शोधायचा आणि माझ्या डाव्या हातावर येऊन बसायचा. माझा तो हात असा झिजला आहे. बोलता बोलता त्याच्या कागदांची पाने मागेपुढे व्हायची. मग तो माझ्याकडे वाकून विचारायचा, "कितवं पान, लव्हॉन?"

"नववं. आणि चष्मा कपाळावर आहे, तो नाकावर घे."

ध्वनिक्षेपक चालू असायचा, त्यामुळे हे सगळ्या सभागृहाला ऐकू जायचे आणि सगळे हसायचे. माझे ते चांगले दिवस होते, मित्रांनो.

एके दुपारी सगळे जेवायला गेले होते. लव्हॉन उठली नाही. विणकाम मांडीवर ठेवून ती म्हणाली, "व्हर्न, तुला एक सांगायचं राहिलंय. तुझी-माझी ओळख व्हायच्या आधीचं."

ती एकोणीस वर्षांची असताना तिला दिवस गेले होते. मावशीने तिला गाडीत घातले आणि लांबच्या शहरातल्या एका दवाखान्यात नेले. एक कागद पुढे आला, तिने न वाचता सही केली. टेबलावर आडवे केल्यावर तिने विचारले, "केवढं आहे ते?" तिथली बाई म्हणाली, "आता कशाला विचारतेस, पोरी? पडून राहा."

"बस, एवढंच," लव्हॉन म्हणाली. "काय करणार, पुढं काय होईल, दुसरी काही वाट आहे का, कुणी बोललंच नाही. पुढं आपल्याला मूल झालं नाही. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, तेही कुठल्या डॉक्टरला सांगता आलं नाही. मला त्या बाईचा राग नाही. मला सगळं सांगितलं असतं तरी मी कदाचित तेच केलं असतं. कदाचित नसतं. मला ठाऊकच नाही, व्हर्न. तेच मला खातंय."

व्हर्नने तिचा हात धरला आणि तो माझ्या हातावर ठेवून तसाच बसून राहिला. त्या दोन्ही हातांचे वजन मला अजून आठवते.

त्यानंतर त्याने ते विधेयक लिहायला घेतले. गर्भपाताआधी डॉक्टरने बाईसमोर बसून, तिला कळेल अशा शब्दांत सगळे सांगावे. काय करणार, धोके काय, गर्भ केवढा आहे, मूल ठेवायचे झाले तर मदत कुठे मिळेल. तिने एक दिवस विचार करावा आणि मगच सही करावी. आणि गर्भ अमुक आठवड्यांचा झाल्यावर, आईच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर गर्भपात करू नये. लव्हॉन त्याच्या कागदांना पाननंबर घालायची. पण तिचे नाव कुठे यावे की येऊ नये, हे दोघेही कधी बोलले नाहीत. पानगळीच्या दिवसांत ती आजारी पडली, आणि पहिला बर्फ पडायच्या आत गेली. व्हर्नला तिला सगळे विचारता आले, तेवढे एक राहून गेले.

जानेवारीत अधिवेशन भरले तेव्हा माझ्यावर कुणीच बसले नाही. दारवान म्हणाला, "साहेब, ही खाली तळघरात नेऊ का? तुम्हाला पाय पसरायला जागा होईल."

तळघरातून खुर्च्या वर येत नाहीत. त्यांचा लिलाव होतो.

"राहू दे," व्हर्न म्हणाला. "मला लागते ती."

मतदानाच्या दिवशी सकाळीच ट्रेंट हाल्व्हरसन आला. तो व्हर्नच्या पक्षाचा नेता, वयाने त्याच्या मुलासारखा, बुटांना कायम चकाकी. लव्हॉनच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी तिच्या त्या जुन्या गोष्टीबद्दल व्हर्नच्या तोंडून त्याच्यापुढे अर्धे वाक्य निसटले होते. ट्रेंटने ते जपून ठेवले होते.

"व्हर्न, दोन आमदार अजून डळमळतायत. आकडे, कलमं, सगळं ऐकून ते कंटाळलेत. तुम्ही लव्हॉनचं सांगा."

"ते तिचं आहे, ट्रेंट."

"अहो, ती आता नाहीये! तिला काय फरक पडणार? आणि ज्या पोरी उद्या तसल्या दवाखान्यात जाणार आहेत त्यांना पडणार आहे. एक वाक्य, व्हर्न. त्या दोघांकडं बघून एकच वाक्य."

व्हर्न कागद लावत राहिला. ट्रेंट गेला, पण त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. सांगितले तर लव्हॉनची गोष्ट उद्याच्या वर्तमानपत्रात आणि चहाच्या टेबलावर. न सांगितले तर तिच्यासाठी लिहिलेला कायदा पडणार.

वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात माणसे दाटली होती. अर्ध्यांच्या छातीवर एका रंगाची फीत, अर्ध्यांच्या दुसऱ्या. सगळ्यांचे चेहरे मात्र सारखेच घाबरलेले.

आधी मार्वा बोलली. "माझे मित्र व्हर्न प्रेमळ आहेत, हे मी त्यांच्या घरचं खाऊन सांगते. पण त्यांच्या गावातल्या पोरीला दवाखाना तीन तासांवर आहे. एक दिवस थांब म्हणजे दोन खेपा. मालक रजा देत नाही. मूल शेजारणीकडं. सांगणं वेगळं, व्हर्न, आणि अडवणं वेगळं. आणि डॉक्टर कायद्याला घाबरून हात आखडता घेईल तेव्हा त्या पोरीचं काय होईल, याची मला धास्ती वाटते."

मग व्हर्न उठला. त्याचा हात माझ्यावर आला. तो एवढा थरथरत होता की माझे खिळे किणकिणले. त्याने दोन-तीन वाक्ये वाचली. पाने मागेपुढे झाली. ट्रेंट समोरून मान हलवत होता, सांगा, सांगा. व्हर्न म्हणाला, "माझी बायको..." आणि थांबला.

मग तो माझ्याकडे वाकला आणि नेहमीच्या सवयीने त्याने ध्वनिक्षेपकातच विचारले, "लव्हॉन, सांगू का?"

ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेले. या वेळी कुणी हसले नाही. मित्रांनो, त्या क्षणाइतकी मी कधीच भ्याले नाही. साऱ्यांचे डोळे माझ्यावर होते. तो माझ्याकडून उत्तर मागत होता. मला तिची दुपार माहीत होती, तिचा प्रत्येक शब्द माहीत होता. पण तिचे मन मला माहीत नव्हते. मी लाकूड आहे. मी काय सांगणार?

काय झाले ते व्हर्नच्या लक्षात आले. सज्जात कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात पलीकडून मार्वा उभी राहिली. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांचं पान हरवलंय. दर वर्षी हरवतं. माझी प्रत देते त्यांना." ती चालत आली, कागद त्याच्यापुढे ठेवले आणि हळूच म्हणाली, "नववं, व्हर्न. आणि चष्मा नाकावर घे."

कुणीतरी हसले, मग बरेच जण हसले. कुजबुज विरली.

व्हर्नने चष्मा खाली घेतला. कागद मात्र उघडला नाही.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "मी बोलणारा माणूस नाही. पण एवढं मला आज कळलंय. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. नुसती सही म्हणजेसुद्धा होकार नव्हे. ज्याला काही सांगितलंच नाही, त्याला विचारलं असं म्हणता येत नाही. म्हणून मी म्हणतो, आधी सांगा. आणि आठवड्यांचं म्हणाल, तर दिवस भरत आले की तिथं दोन जीव असतात, असं मी मानतो. त्यातल्या एकाला बोलता येत नाही. मार्वाला एकीची धास्ती वाटते, मला दोघांची वाटते. तुम्हाला यातलं काहीच वाटत नसेल, तर कृपा करून आज मताचं बटण दाबू नका."

तो बसला. लव्हॉनचे नाव त्याने घेतले नाही.

भिंतीवरच्या फळीवर दिवे लागले, होकाराचे हिरवे आणि नकाराचे लाल. डळमळणाऱ्या दोघांपैकी एक हिरवा झाला, एक लाल. विधेयक एका मताने पडले.

ट्रेंट तरातरा आला. "एक वाक्य! एक वाक्य बोलला असतात तर!"

"ते माझं नव्हतं, पोरा," व्हर्न म्हणाला.

सभागृह रिकामे झाले. व्हर्न तसाच बसून राहिला. मला वाटले, आता हा घरी जाणार, पुन्हा उभाच राहणार नाही, आणि मी तळघरात. मग मार्वा आली. माझ्यापाशी थांबली.

"इथं बसू का?" तिने विचारले.

व्हर्नने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. "बस. जरा मागं कलते ती. सांभाळ."

ती बसली. किती महिन्यांनी माझ्यावर वजन आले! तिने मेजावरचे कागद सारखे केले. मग म्हणाली, "माझ्याकडंपण एकीची गोष्ट होती. मी परिचारिका असताना, डॉक्टर घाबरून थांबला म्हणून माझ्या हातात गेलेली पोर. तू तुझी काढली असतीस तर मी माझी काढणार होते. तिलाही मी विचारलं नव्हतं, व्हर्न."

"भीती वाटली?"

"अजून वाटतेय." तिने माझ्या झिजलेल्या हातावर बोट फिरवले. "समोर बसून सांगायचं तेवढं कलम वेगळं आण पुढच्या वर्षी. त्याला मी हिरवं दाबीन."

"मी दोन्ही आणणार."

"मग मी लाल दाबणार."

"ते ठरलेलंच आहे," व्हर्न म्हणाला, आणि लव्हॉन गेल्यापासून पहिल्यांदा त्याला हसू आले. ते पुरते टिकले नाही. तो रडला. मार्वा उठली नाही.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. पुढे काय होईल, याची मला अजूनही भीती वाटते. माझे चामडे उसवले आहे, कुणी तेल लावले तर बरे वाटेल. पण माझे मागणे त्याहून साधे आहे. कुणाच्या जागेवर बसण्याआधी विचारा. कुणाचे दुःख चारचौघांत मांडण्याआधी विचारा. आणि उत्तर आले नाही तर व्हर्नसारखे थांबा, हात कितीही थरथरत असला तरी.