परतीपुरतं तेल

बायको गेल्याचं टाकीकाकांना कळलं ते भर दुपारी, विमानात तेल भरायचा पाइप गुंडाळताना. ती डोंगरापलीकडे लेकीकडे राहायला गेली होती. जावयाचा फोन आला.

"बाबा, आई गेल्या. जेवून उठल्या, भिंतीला टेकून बसल्या, आणि..." मग त्यानं विचारलं, "गाडीनं निघताय ना? आत्ता निघालात तर पहाटे पोचाल."

"अख्खा डोंगर वळसा घालून कशाला? विमानानं चाळीस मिनिटं. सकाळी तुमचा चहा होईतो दारात येतो. तोवर तिला ठेवा."

दोन्हीकडे एकेक आखूड धावपट्टी आणि पत्र्याची खोली, मधे डोंगर, दिवसाला सकाळची एकच फेरी. सगळी उमर विमानतळावर गेलेली, त्यामुळं काकांना अंतर असं मिनिटांतच कळायचं. बायको म्हणायची, "यांना विचारा बाजार किती लांब, तर म्हणतील, वारा कसा आहे त्यावर आहे."

सकाळी विमान भरलं होतं. आखूड पट्टीवरून उडायचं म्हणजे माणसंसुद्धा सामानासारखी काट्यावर चढवून मोजावी लागत.

"या, आज तुम्ही चढा," काउंटरवरच्या बाई हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं लोकांना चिडवलंत, जेवून आलात वाटतं म्हणून."

"कालपासून काही खाल्लं नाही, बाई. तेवढाच हलका."

वैमानिक पोरसवदा होता. तो काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, पण वजन काठोकाठ झालंय. तुमच्या वजनाइतकं तेल काढावं लागेल. जाऊन परत यायला पुरेल. वर घिरट्या घालत थांबायला मात्र नाही उरणार."

"काढतो."

"आज दुसरं कुणी काढेल."

"माझं वजन आहे. मीच काढतो."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं.

डोंगर ओलांडला आणि खाली सगळं पांढरं. त्या विमानतळावर ढगातून उतरवणारं यंत्र नव्हतं. पट्टी डोळ्यांनी दिसली तरच उतरायचं. वैमानिकानं एक फेरी मारली. काकांनी काचेला कपाळ लावलं. खाली कुठंतरी लेकीचं घर होतं.

"काका, एवढीच."

अजून एक मार, असं काकांच्या अगदी ओठावर आलं. मागं एका बाईच्या मांडीवर मूल झोपलं होतं. तेल किती उरलंय हे काकांना काटा न बघता ठाऊक होतं.

"वळव," ते म्हणाले.

परत उतरल्यावर लेकीचा फोन. "बाबा, विमानाचा आवाज ऐकून आम्ही सगळे अंगणात आलो होतो."

"ढग आहेत अजून?"

ती म्हणाली, "नाही. तुमचा आवाज लांब गेला आणि ऊन पडलं."

विमान आता उद्याच. गाडीनं निघून पोचायला मध्यरात्र उलटली असती.

"बाबा, अजून किती ठेवू आईला?"

"नका ठेवू," काका म्हणाले. "उरका."

काका कामावर येतात. त्याच विमानात तेल भरतात. आभाळ स्वच्छ असलं की वैमानिक हटकून विचारतो, "येता का काका? आज जागाही आहे, वजनही आहे."

"उद्या बघू."

जावई म्हणतो, गाडी पाठवतो. त्यालाही ते हेच सांगतात.

लेकीकडे जायचं अजून राहिलं आहे.