बांबूच्या फुलासाठी राखलेले पान

मी एक जुना बोरू आहे. बोरू म्हणजे टोक तासून केलेली साधी लेखणी. मित्रांनो, मी आयुष्यभर फक्त रेषा ओढल्या, बोलायची मला सवय नाही. तेव्हा माझी गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच वाटते. तरी सांगतो.

दिग्गीच्या रानातल्या एका बांबूच्या बेटात माझा जन्म झाला. ते बेट म्हणजे माझी आई. सकाळचे धुके आमच्या फांद्यांत अडकून राही. मला वाटे, जगात धुके आणि आई याखेरीज दुसरे काही नसावे.

एके दिवशी तिथे राजेश्वरी आली. रामनगरची तरुण मुलगी, खांद्याला कागदांची पिशवी. पुस्तकांसाठी चित्रे काढणारी बाई आमच्या भागात तोवर कुणी पाहिली नव्हती. लोक हसत. "झाडं कागदावर काढून पोट भरतंय व्हय?" असे विचारत. त्या दिवशी ओढा ओलांडताना ती घसरली आणि तिचा पोलादी टाक मोडला. ती अगदी रडकुंडीला आली. शेजारच्या शेतातला झिलू धावत आला. त्याने आमच्या बेटातली एक वाळकी काडी तोडली, कोयत्याने टोक तासले, मधोमध चीर दिली आणि म्हणाला, "घ्या अक्का. ह्यो मोडला तर रानात दुसरा हाय."

तो मी. पहिली शाई मला कडू लागली. मग तिची सवय झाली.

आम्ही दोघांनी किती पाने, फळे, मुळे काढली! तिच्या पहिल्या पुस्तकावर तिचे नावच छापले नव्हते. "पुढच्या वेळी बघू," असे प्रकाशक म्हणाले. ती मला धुऊन, पुसून पुन्हा रानात गेली. पुढे नाव छापून येऊ लागले. एकदा बसमध्ये एक मुलगी तिचेच पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, तर ही लाजून सारा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

नंतर ती दिग्गीतच, झिलू आणि त्याची बायको रुक्मा यांच्या घरातल्या एका खोलीत राहायला आली. आमच्या रानाचे एक मोठे पुस्तक तिने चित्रांनी भरले. एकच पान कोरे ठेवले, बांबूच्या फुलासाठी. बांबू जन्मात एकदाच फुलतो आणि मग मरतो. ती वाट पाहत राहिली. तिचे केस पांढरे झाले, गुडघे धरले, हात थरथरू लागला. मी पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. डब्यात धुके नसते, मित्रांनो.

आणि यंदा आई फुलली. झिलू फुललेली फांदी घेऊन दारात आला.

"अक्का, बघा काय आणलंय!"

"थांबा तिथंच!" रुक्मा हातातल्या सुपासकट आडवी आली. "फुललेला बांबू घरात? त्याच्या बियांवर उंदीर माजत्यात. सासूबाईंनी भोगलंय ते, सगळी कणगी रिकामी केली हुती."

"अगं, एकच फांदी हाय."

"उंदराला पण एकच बीळ लागतंय."

"असू दे झिलू," राजेश्वरी म्हणाली. "घर तिचं, नेम तिचा."

तिने ते कोरे पान उघडले, त्यावरून हात फिरवला आणि मिटले. फुले चार दिवसांत गळणार होती. ओढ्यापलीकडे चालत जाणे तिला शक्य नव्हते. रुक्मा दारातून हे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्माच खुर्ची घेऊन आली. "बसा अक्का. फूल घरात येणार न्हाई. पण तुमी भायेर येऊ शकताय न्हवं?"

खुर्चीला दोन बांबू बांधले. पुढे झिलू, मागे त्यांचा मुलगा सुदेश आणि सर्वांच्या पुढे माझा डबा घेऊन रुक्मा.

"ह्या वयात कुठं देताय गं मला?" राजेश्वरीने विचारले.

"देतोय बांबूच्या घरी. पण सासू फार उंच हाय बघा!"

आई पिवळी पडली होती. पाने झडलेली, आणि फांद्याफांद्यांवर फिकट फुलांचे झुबके. त्यांतून बारीक तंतू लोंबत होते आणि नुसत्या श्वासानेही हलत होते. हसावे की रडावे, मला कळेना. राजेश्वरीने मला शाईत बुडवले. तिचा हात थरथरला. मला वाटले, संपले, पान बिघडले. पण तंतूही थरथरतच होते. त्यांना हवी होती तशीच रेष तिच्या हातातून उतरली. हात सरळ चालत होता तेव्हा ती तिला कधीच जमली नसती.

परतताना झिलूने हळूच विचारले, "चित्र तरी घरात चालतंय न्हवं?"

रुक्माने चित्र निरखून पाहिले. "चालतंय. चित्रातलं बी उंदीर खाईत न्हाईत."

उंदीर आले. पण रुक्माने कणगी आधीच शेणाने लिंपून ठेवली होती. आई मात्र वाळली. आता तिच्या पायाशी गवतासारखी कोवळी पाती उगवली आहेत. गुरे शिरू नयेत म्हणून रुक्माने त्यांना काट्यांचे कुंपण केले आहे.

मित्रांनो, काम झाल्यावर लेखणीचे तोंड धुऊन ठेवत जा. वाळलेली शाई फार टोचते. आणि कधी आमच्या रानात आलात, तर त्या गवतावर पाय देऊ नका. ते गवत नाही, माझी भावंडे आहेत.