पाच व्हायल

वर्गात तिला सगळे ‘फटाफट’ म्हणायचे. परीक्षेत पहिली पुरवणी मागणारी तीच, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी होणारीही तीच. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला तिची नेमणूक एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध माहिती कक्षात झाली, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, “आता काही खरं नाही. डॉक्टरांनी आजार सांगायच्या आत ही औषध सांगणार.”

कक्ष म्हणजे तळमजल्यावरची अरुंद खोली. दोन संगणक, भिंतभर संदर्भग्रंथ आणि एक टेलिफोन. वॉर्डांतले डॉक्टर, सिस्टर तिथे फोन करून विचारत : या दोन गोळ्या एकत्र चालतील का, मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा किती, अंगावर पाजणाऱ्या बाईला हे देता येईल का. कक्षाचे प्रमुख साठीला टेकलेले. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. त्यांनी एक फॉर्म छापून घेतला होता. फोन आला की आधी तो पुढ्यात ओढायचा. विचारणारा कोण, रुग्णाचं वय, वजन, आजार, औषध, त्या औषधाचा नेमका प्रकार, सोबत आणखी काय चालू आहे, हे सगळं लिहायचं. मग पुस्तकं उघडायची. एक नाही, दोन. आणि मगच तोंड उघडायचं.

“उत्तर पुस्तकात असतं गं,” सर म्हणायचे, “प्रश्न मात्र आपल्याला घडवून घ्यावा लागतो.”

तिला हे रटाळ वाटायचं. पण सरांसमोर ब्र काढायची टाप नव्हती.

त्या दिवशी सर अकराच्या बैठकीला गेले. जाताना म्हणाले, “फोन आला तर लिहून घे. उत्तर मी आल्यावर देऊ.”

सव्वाअकराला फोन वाजला.

“कोण, तूच का? बरं झालं बाई.” आवाज वहिनीचा होता. वहिनी याच रुग्णालयात चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात सिस्टर होती. घरात फटाफटच्या फार्मसीला कुणी राजी नव्हतं, तेव्हा वहिनीनंच सगळ्यांना समजावून हिचा अर्ज भरायला लावला होता. “ऐक, एक गवंडीकाका आलेत. नाकात, डोळ्यापर्यंत बुरशी गेलीय. ॲम्फोटेरिसिन सुरू करायचंय. डॉक्टर ऑपरेशनला उभे आहेत, मात्रा माहिती कक्षाला विचारून घ्या म्हणून निरोप आहे. वजन पन्नास किलो. पटकन सांग, माझे हात भरलेत.”

आदल्याच आठवड्यात या बुरशीवर तिनं वर्गात भाषण दिलं होतं. आकडा जिभेवरच होता.

“किलोला पाच मिलिग्रॅम. म्हणजे अडीचशे. पन्नासच्या पाच व्हायल. दोन तासांत जाऊ दे.”

“पाच व्हायल, दोन तास. ठेवते.”

फॉर्म टेबलावर तसाच कोरा पडला होता. नंतर भरू, असं तिनं ठरवलं. लगेच दुसरा फोन आला, मग तिसरा. बारा वाजून पाच मिनिटांनी ती फॉर्म भरायला बसली. वय विचारायचं राहिलंच होतं. वजन, आजार. औषध : ॲम्फोटेरिसिन. पुढची चौकट होती औषधाच्या प्रकाराची.

पेन तिथेच थांबलं.

हे औषध दोन प्रकारांत मिळतं. एक साधं, जुनं. दुसरं चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेलं, लायपोसोमल. किलोला पाच मिलिग्रॅम हे या दुसऱ्याचं. पहिल्याचं किती? तिनं पुस्तक ओढलं. पानाच्या माथ्यावर काळ्या चौकटीत लिहिलं होतं : साध्या प्रकाराची मात्रा दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर कधीही जाऊ देऊ नका. त्यापलीकडे हृदय आणि श्वास बंद पडू शकतात.

व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, दोन्हींची पन्नास मिलिग्रॅमचीच असते.

लायपोसोमलच असणार, आजकाल तेच देतात, असं मनाशी घोकत तिनं वॉर्डाचा नंबर फिरवला. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला. व्यस्त. मग तिनं औषध भांडारात फोन लावला.

“चौथ्या मजल्यावर ॲम्फोटेरिसिन कुठलं गेलंय?”

“लायपोसोमल संपलंय चार दिवसांपासून,” भांडारवाले निवांतपणे म्हणाले. “साधं दिलंय. पाच व्हायल.”

तिनं रिसीव्हर आदळला.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. ती जिन्यानं धावत सुटली. दुसऱ्या मजल्यावर एक स्ट्रेचर आडवं आलं, ती भिंतीला चिकटून पुढे गेली. डोक्यात एकच हिशेब चालू होता : व्हायल विरघळवायला वीसेक मिनिटं, ड्रिप लागली असेल साधारण पावणेबाराला. आता बारा दहा.

वॉर्डाच्या टेबलावर फोनचा रिसीव्हर बाजूला पडला होता. कुणीतरी नीट ठेवलाच नव्हता.

सातव्या खाटेवर गवंडीकाका दोन ब्लँकेटांखाली थडथड कापत होते. डाव्या डोळ्यावर पट्टी, ओठ निळसर. पायाशी त्यांची बायको ब्लँकेट दाबून धरून उभी. वरच्या पिशवीतून पिवळसर औषध टपटपत होतं.

“वहिनी, बंद कर! आधी बंद कर!”

वहिनीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक अक्षर न विचारता ड्रिपची चकती खाली ओढली. टपटप थांबली.

“अहो, बंद का केलं?” बाई म्हणाल्या. “अजून किती शिल्लक आहे.”

“एक मिनिट हं काकू,” म्हणून वहिनी फटाफटला दंडाला धरून औषधांच्या खोलीत घेऊन गेली. “बोल.”

“हे साधं आहे. मी सांगितलं ते लायपोसोमलचं होतं. मी विचारलंच नाही कुठलं ते.”

वहिनीनं कचऱ्याच्या डब्यातून रिकामी व्हायल उचलली, लेबल वाचलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “आणि मीसुद्धा वाचून दाखवलं नाही.” तिनं खोलीचं दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाली, “हे बघ. थंडी वाजली म्हणून थांबवलं, असं डॉक्टरांना सांगते. ते काही खोटं नाही. तुझं वर्ष जाईल, माझी नोकरी जाईल. पाव पिशवीच तर गेलीय.”

ते खोटं नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. फटाफटच्या जिभेवर ‘बरं’ आलंही होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंडात आलेलं उत्तर गिळलं.

“वहिनी, नुसती थंडी म्हटलं तर ते थंडीचं इंजेक्शन देतील आणि हीच पिशवी परत सुरू करायला सांगतील.”

वहिनीनं रिकामी व्हायल टेबलावर ठेवली. तिनंच बाहेर जाऊन रिसीव्हर उचलला, शस्त्रक्रियागृहाचा नंबर लावला आणि तो हिच्या हातात दिला. “तू सांग. आकडे तुला नीट येतात.”

तिनं सांगितलं. प्रकार, मात्रा, किती वेळात किती गेलं : अडीचशेपैकी साठेक मिलिग्रॅम, पंचवीस-तीस मिनिटांत. मर्यादा पंच्याहत्तरची. म्हणजे एकूण मात्रा मर्यादेच्या आत, पण वेग भलताच. पोटॅशियम घसरू शकतं, हृदयाचे ठोके चुकू शकतात. “आणि डॉक्टर, मी चुकीचं सांगितलं. सिस्टरनं मी सांगितलं तेच केलं.”

“पिशवी फेकू नका. मॉनिटर लावा. रक्त पाठवा. आलोच.”

पुढचे दोन तास ती भिंतीला टेकून उभी होती. तिला तिथे काही काम नव्हतं आणि जाववतही नव्हतं. मॉनिटरवरची हिरवी रेघ नीट चालायची आणि मध्येच अडखळायची. डॉक्टर आले. सर आले, धापा टाकत. त्यांनी तिच्या हातातलं चुरगळलेलं पुस्तकाचं पान घेतलं, सरळ केलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. निघताना घाईत ते पान आपण फाडून आणलंय, हेही तिला तेव्हाच कळलं. रक्ताचा अहवाल आला, पोटॅशियम घसरलं होतं. ते हळूहळू शिरेतून चढवायला घेतलं. रेघ आणखी दोनदा अडखळली. दीडच्या सुमाराला कापरं थांबलं. दोन वाजता गवंडीकाकांनी बायकोकडे पाणी मागितलं.

“यांना सांगायला हवं,” सर डॉक्टरांना म्हणाले.

“मी सांगतो,” डॉक्टर म्हणाले, पण शब्द जुळवत उभे राहिले. तेव्हा तीच पुढे झाली.

“काकू, औषधाची मात्रा मी चुकीची सांगितली होती. तिप्पट, चौपट जास्त. वेळेत थांबवलं म्हणून...”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “किती वर्षांची आहेस?”

“बावीस.”

“माझी धाकटी एवढीच आहे.” त्यांच्या आवाजात माया नव्हती. “मी माफबिफ करणार नाही, आधीच सांगते. हे बांधकामावरून दोन माणसं पडताना बघून घरी आलेत. बांबू नीट न बांधणाऱ्याला हे कधी माफ करत नाहीत.” मग ब्लँकेट सारखं करत म्हणाल्या, “मला वाचता येत नाही. उद्यापासून बाटली लावायच्या आधी तू इथे यायचं. त्यावर काय लिहिलंय ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचं. मगच लावायची.”

चौकशी झाली. सरांनी तिच्या अहवालाखाली आपल्या हातानं ओळ घातली की विद्यार्थिनीला फोनवर एकटी बसवणं ही चूक प्रमुखाची आहे. भांडारवाल्यांनी प्रकार बदलल्याचं वॉर्डाला कळवलं नव्हतं, तेही बाहेर आलं. तेव्हापासून दोन्ही खोकी वेगळ्या कपाटांत गेली आणि साध्यावर लाल पट्टी आली. तिला आणि वहिनीला लेखी समज मिळाली. वर्ष वाचलं, नोकरीही वाचली.

घरी मात्र वहिनी चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. दादानं विचारलं, “तुम्हा दोघींचं काय बिनसलंय?” दोघी एकदमच म्हणाल्या, “काही नाही.” पाचव्या दिवशी कपडे वाळत घालताना वहिनी म्हणाली, “त्या खोलीत तू ‘बरं’ म्हणाली असतीस ना, तर मी आयुष्यभर तुझ्याकडे बघू शकले नसते. आणि स्वतःकडेही.” तिनं ओली चादर झटकली. “पण राग यायचा तो येतोच गं. तो जाईल हळूहळू.”

गवंडीकाकांचे उपचार एकोणीस दिवस चालले. एकोणीस दिवस ती रोज दहा वाजता चौथ्या मजल्यावर जायची. सातव्या खाटेपाशी उभं राहून लेबल वाचायची : नाव, प्रकार, किती मिलिग्रॅम, मुदत कधीपर्यंत. काकू मध्येच अडवायच्या, “सावकाश. पुन्हा वाच.” ती पुन्हा वाचायची. एकदा वहिनीनं तयार केलेल्या पिशवीवर मात्रेचा आकडा पुसट होता, वाचता येईना, तर काकूंनी ती लावूच दिली नाही. वहिनी निमूटपणे गेली आणि नवं लेबल लिहून आली.

विसाव्या दिवशी ती वर गेली तेव्हा सातवी खाट रिकामी होती. काका सकाळीच घरी गेले होते. एक डोळा गेला, माणूस वाचला. शेजारच्या आठव्या खाटेवर नवा रुग्ण होता आणि त्याची म्हातारी आई उशाशी बसली होती.

“तूच का गं ती, औषध वाचून दाखवणारी?” म्हातारीनं विचारलं. “जाताना ती बाई मला सांगून गेली, ही पोरगी आल्याशिवाय काही टोचून घेऊ नका म्हणून.”

तिनं खुर्ची ओढली आणि खिशातून एक कोरा फॉर्म काढला. “हो आजी, मीच. आधी मला सांगा, यांचं वजन किती आहे?”